चित्र बघून कार्ड उचलतात, मजकूर वाचून घेतात

सांगलीहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. हाताने लिहिलेलं, पाकिटावर जास्वंदीचं फूल रंगवलेलं. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. वय ३६. एका खासगी शाळेत ९ वर्षं चित्रकला शिकवली, धाकट्याच्या वेळी नोकरी सुटली ती सुटलीच. पत्रातला मुख्य भाग असा:

'घरात कुणाचाही वाढदिवस असला की कार्ड मीच करते. गेल्या वर्षी नणंदेच्या ऑफिसातल्या एका बाईंनी पैसे देऊन दहा कार्डं करून घेतली, तेव्हापासून व्यवसायाचं डोक्यात आहे. साठवलेले ६० हजार रुपये आहेत. त्यातून ४५ हजारांचा रंगीत प्रिंटर घ्यावा म्हणते, म्हणजे घरीच छापता येईल. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात ३ दिवसांचा स्टॉल ६ हजारांना मिळतोय. पण आमचे हे म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात कार्ड विकत कोण घेणार? त्यांचं अगदीच चुकतं असंही म्हणवत नाही. प्रिंटर घेऊ का? स्टॉल घेऊ का? की हे सगळं सोडून चित्रकलेचे क्लासच काढू?'

ताई, प्रिंटर घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पाऊणशे टक्के भांडवल एकदा त्यात अडकलं की बाकी कुठला सल्ला देण्यात अर्थच उरत नाही. घरगुती शाईचा प्रिंटर ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, जाड कागद धड ओढत नाही. महिनाभर बंद राहिला की शाई सोडणारं हेड चोंदतं. बहुतेकांची शाई ओल्या बोटाला लागते, आणि आपल्याकडे कार्ड हातात येतं ते हळदीकुंकवाच्या, नाहीतर जेवणाच्या गडबडीत. तुमच्या गावातच डिजिटल छपाई करणारे असतील. ते १३ बाय १९ इंची शीटवर छापतात आणि दहा शीटसुद्धा काढून देतात. मशीन त्यांचं, दुरुस्ती त्यांची. तुमचे पैसे तुमच्याकडे.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. तो खरा आहे. नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून पन्नास कार्डं आणायची, पत्ते लिहायचे, तिकिटं लावून पेटीत टाकायची, हे मी डोळ्यांसमोर संपताना पाहिलंय. आधी एसएमएस आले, मग व्हॉट्सअ‍ॅप. 'शुभ दीपावली' आणि खाली पणती, एवढंच ज्या कार्डात आहे ते आता फुकट मिळतं, तेव्हा ते विकायच्या भानगडीत पडूच नका.

पण लोक कार्ड का घेतात, ते बघा. नाताळचं पहिलं छापील कार्ड निघालं लंडनमध्ये, १८४३ साली. हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. सगळ्यांना पत्रं लिहायला त्यांना सवड होईना, म्हणून त्यांनी एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजार प्रती छापल्या. उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकल्या. म्हणजे कार्ड जन्मालाच आलं ते न लिहिल्या गेलेल्या पत्राच्या जागी. तेव्हा वेळ नव्हता. आज वेळ आहे की नाही कोण जाणे, पण शब्द सुचत नाहीत हे मात्र नक्की. माझ्या २२ वर्षांच्या कार्डांच्या धंद्यात मी काउंटरच्या मागून हजारो लोकांना कार्ड निवडताना पाहिलंय. माणूस चित्र बघून कार्ड उचलतो, उघडतो, ओठ हलवत आतलं वाचतो आणि परत ठेवून देतो. असं सात-आठदा होतं. मग एका कार्डाशी थबकतो. त्याला जे म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं, ते तिथे लिहिलेलं असतं. पैसे त्याचे पडतात.

तुम्ही चित्रकार आहात, त्यामुळे सगळं लक्ष चित्राकडे जाणार हे मी समजू शकते. पत्राबरोबर पाठवलेली तीनही कार्डं सुंदर आहेत. सुगरणीच्या खोप्याचं तर मी टेबलावर उभं करून ठेवलंय. पण तिन्हींच्या आत 'हार्दिक शुभेच्छा' याखेरीज काही नाही. तुमचं पुढचं काम तिथे आहे.

आपल्याकडचे प्रसंग एकेक आठवा. केळवण, डोहाळजेवण, बारसं, मुंज, वास्तुशांत, साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, शाळेतल्या बाईंची निवृत्ती. यातल्या कितीकांना आज दुकानात धड मराठी कार्ड मिळतं? आणि कुणी गेल्यावर? सांत्वनाचं मराठी कार्ड मी माझ्या दुकानात ठेवलं तेव्हा घरचेही म्हणाले, असलं कोण घेणार, अशुभ दिसतं. त्यात फक्त दोन ओळी होत्या: 'काय लिहावं कळत नाही. आठवण सतत येते, तुमचीही आणि त्यांचीही.' वर नुसती एक रिकामी आरामखुर्ची, पेन्सिलने काढलेली. ते कार्ड मी सतरा वर्षं पुन्हा पुन्हा छापलं. गिऱ्हाईक ते उचलून गप्प काउंटरवर ठेवायचं, आणि मीही न बोलता पाकिटात घालून द्यायची.

केळवणासाठी मी असा मजकूर करून पाहिला होता: 'आता तू पाहुणी होऊन येणार म्हणतात सगळे. आमच्याकडे मात्र तुझं ताट घरच्यांच्याच पंगतीत.' असं काहीतरी, जे एखादी मावशी खरंच म्हणेल. यमक जुळवायच्या मागे लागू नका.

मराठीत मजकूर लिहिताना एक अडचण येते, ती इंग्रजी कार्डं करणाऱ्यांना कधी येत नाही. 'तू नेहमी पाठीशी उभी राहिलीस' असं छापलं की ते कार्ड भावाला देता येत नाही. बाबांना काही घरांत तुम्ही म्हणतात, काही घरांत तू. नवऱ्याला तेच. एका क्रियापदाने निम्मं गिऱ्हाईक जातं. त्यावर उपाय दोन. एकतर वाक्यच असं रचा की लिंग आणि तू-तुम्ही यायलाच नको: 'पाठीवरचा तो हात अजून जाणवतो.' नाहीतर धीटपणे एकाच नात्यापुरतं कार्ड करा, आत्याचं म्हणजे आत्याचंच. ते कमी खपतं, पण ज्याला आत्या आहे तो सोडत नाही. वर 'प्रिय' छापू नका, तिथे चांगली दोन बोटं जागा मोकळी ठेवा. नाव हाताने लिहायचं असतं.

शुद्धलेखनाबद्दल पोटतिडकीने सांगते. दुसऱ्या वर्षी मी वाढदिवसाचं एक कार्ड ऑफसेटवर छापलं. हजार प्रती काढल्या की एकेकाचा दर निम्म्याहून खाली येत होता, म्हणून हजार. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दुकानात आले, कार्ड हातात घेतलं आणि हळूच म्हणाले, 'बाई, अभीष्टमधला भी दीर्घ.' मी 'अभिष्टचिंतन' छापलं होतं, तेही मुखपृष्ठावर, सोनेरी अक्षरांत. ९६० कार्डं रद्दीत गेली. मजकूर माझा, तपासलाही मीच, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. तेव्हापासून दोन गोष्टी पाळल्या: पहिली छपाई कधीच पन्नासच्या वर नाही, आणि छापण्याआधी मजकूर घराबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यायचा. तुमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई असतीलच की. सहस्रचंद्रदर्शनात 'स्त्र' नाही, 'स्र' आहे. 'मनःपूर्वक' मधला विसर्ग विसर्गच हवा, कीबोर्डवरचं अपूर्णविरामाचं चिन्ह नको. दीपावलीचा दी दीर्घ, दिवाळीचा दि ऱ्हस्व.

अक्षरांचंही तसंच. पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी ल आणि श कसे काढायचे हे राज्य सरकारने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात स्पष्ट दिलंय. गिऱ्हाइकाला बोट ठेवून सांगता येत नाही, पण हे कार्ड आपल्याकडचं नाही असं त्याला वाटून जातं. 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यवसायासाठी वापरायलाही परवानगी आहे. पण तुमचं पत्रातलं अक्षर पाहून मी तर म्हणेन, मुखपृष्ठावरची अक्षरं स्वतःच काढा. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकलात, तर छापायला देण्याआधी वेलांट्या आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून बघा. ती सरकतात.

कागद. दुकानात 'आर्ट कार्ड' मागितलंत की दोन्ही बाजूंनी चकचकीत कागद पुढे येतो. त्यावर आतल्या बाजूला पेनने लिहायला जा, शाई वाळत नाही, अंगठा फिरला की पसरते. आत लिहिता येणार नसेल तर ते कार्ड घेऊन करायचं काय? एकाच बाजूला कोटिंग असलेला बोर्ड मागा, किंवा कोटिंग नसलेलाच. तुमच्या जलरंगांना तो जास्त शोभेल. नमुन्याचा तुकडा घरी आणा, जेल पेनने लिहा, दहा मोजा आणि अंगठा फिरवा. पुण्याला येणं झालं तर शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जरूर जा. तिथला चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतलात की मन हलेल. पण तो हाताने रंगवलेल्या मोजक्या कार्डांसाठी राखा.

छपाईत केशरी, गुलाबी आणि पोपटी हे तुमचे आवडते रंग मळणार, याची मनाची तयारी ठेवा. प्रेसच्या चार शाईंमध्ये स्क्रीनवरचा झेंडू उतरत नाही. म्हणून आधी एक शीट त्याच कागदावर काढून बघा आणि मगच बाकीची सांगा. घडीच्या जागी क्रीझ, म्हणजे मशीनने दाबलेली रेघ, मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते.

आकारावर थोडं थांबते, कारण पैसे तिथेच वाचतात नाहीतर जातात. सगळे ५ बाय ७ इंची कार्ड करतात. ते उघडलं की १० बाय ७ होतं आणि १३ बाय १९ च्या शीटवर दोनच बसतात, बाकी कागद कापून फेकायचा. शिवाय वजन. ३०० जीएसएमचं हे कार्ड साडेतेरा ग्रॅमचं, त्याचं पाकीट जाड कागदाचं असलं तर जवळजवळ सात. झाले वीसच्या वर. साध्या टपालाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये पडतात, पुढे दर २० ग्रॅमला आणखी ५. म्हणजे अर्ध्या ग्रॅमपायी टपाल दुप्पट, आणि तिकीट कमी लागलं तर ज्याला शुभेच्छा पाठवल्या त्याच्याकडून पोस्टमन पैसे मागणार. त्याऐवजी ४ बाय पावणेसहाचं करा. शीटवर चार बसतात, कडेचं ३ मिलिमीटर जास्तीचं छापूनसुद्धा. पाकिटासकट वजन चौदा ग्रॅमच्या आत राहतं. वर एखादी चिठ्ठी घातली तरी चालतं.

आता हिशेब. दर तुमच्या गावात विचारून घ्या, मी समजुतीपुरते धरते. दोन्ही बाजूंनी छापलेली शीट कागदासकट ४० रुपये, म्हणजे कार्डाला १०. पाकीट ४, क्रीझ आणि कटिंग २, पारदर्शक पिशवी १, वाया जाणाऱ्या मालाचे ३. झाले २०. किंमत ६० ठेवलीत आणि दुकानात दिलंत, तर दुकानदार ३५ ते ४० टक्के मागेल. ४० धरले तर तुमच्या हातात ३६ येतात, त्यातले १६ सुटतात. स्वतः विकलंत तर ४०. दुकानदार बहुधा म्हणेल, 'ठेवून जा, खपलं की पैसे.' द्या, पण दोनच दुकानांत, वहीत सही घेऊन, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन मोजा. न मोजलेला माल दुकानात विरून जातो.

सुरुवातीला ८ नमुने, प्रत्येकी १२ शीट, म्हणजे ४८ कार्डं. एकूण ३८४ कार्डं, खर्च आठ हजारांच्या आत. उरलेले ५२ हजार बँकेतच राहू द्या. वर्षभर त्यांना हात न लावता धंदा चालवून बघा.

स्टॉलचं गणित याच आकड्यांवर करा. ६ हजार निघायलाच १५० कार्डं विकली गेली पाहिजेत, दिवसाला ५०. पहिल्या प्रदर्शनात नुसत्या कार्डांवर हे अवघड आहे. पण उटणं, आकाशकंदील किंवा फराळ विकणाऱ्या कुणाबरोबर निम्मा स्टॉल मिळाला तर घ्या. आणि कार्डांच्या शेजारी आहेराची पाकिटं ठेवा. हे मी अगदी ठासून सांगते. लग्नामुंजीला लोक पैसे देतातच, आणि बाजारातल्या चमचमत्या पाकिटांवर बहुधा हिंदी-इंग्रजीच असतं. तुमच्या हातची अक्षरं, एक रुपया चिकटवायला जागा, आत दोन ओळी लिहिण्यापुरती पट्टी, दहा पाकिटांचा संच. कार्ड मनात आलं तर घेतात, पाकीट लागतंच म्हणून घेतात. माझ्या दुकानाचं भाडं बरीच वर्षं पाकिटांवर निघालं.

दिवाळीसाठीच करायचं असेल तर दोन सूचना. छपाई गणपतीच्या आधी उरका. पुढे प्रेस दिवाळी अंकांत बुडालेले असतात आणि त्यातून डोकं वर काढतात तोवर तुळशीचं लग्न होऊन लग्नपत्रिका सुरू. तुमच्या बारा शीट तेव्हा कुणी हातात घेणार नाही. दुसरी, परदेशी फराळ पाठवणाऱ्या महिला गटांना भेटा. पुण्या-मुंबईतून अमेरिकेला, जर्मनीला मुलांकडे खोकी जातात, तशी तुमच्याकडूनही जात असतील. चकल्यांच्या वर ठेवायला आईच्या तोंडचं एक कार्ड असेल, तर ते पाठवणारी आई साठ रुपयांकडे बघणार नाही. संक्रांतीलाही वाव आहे. पाकिटात चिमूटभर हलव्याची पुडी घालून छोटं कार्ड पाठवायची आपली जुनी पद्धत, ती परत आणा. त्या कार्डाला वजन करूनच तिकीट लावा.

एक धोक्याची सूचना. मजकूर सुचला नाही की कवितेची ओळ उचलावीशी वाटते. कवीच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तुकोबा, ज्ञानोबा सगळ्यांचे. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या ओळी चालतील. पण कुसुमाग्रज गेले १९९९ ला, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांची एक ओळही परवानगीशिवाय विक्रीच्या कार्डावर नको. सिनेमाची गाणी तर नकोच. नेटवरून चित्रं उतरवण्याचंही तेच, पण ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे, दोन हजार मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. मोजकीच माणसं असली की शॉप अ‍ॅक्टसाठी ऑनलाइन सूचना पुरते. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेपर्यंत राज्यातल्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर विकायचं झालं तर नियम वेगळे आहेत, तेव्हा सीएला विचारून पाऊल टाका. धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळं हवं.

क्लासचं विचारलंत. काढा की. आठवड्यातले दोन दिवस क्लास, म्हणजे घरात ठरलेले पैसे येतील आणि कार्ड खपलं नाही म्हणून त्या रात्री झोप उडणार नाही. मीही पहिली चार वर्षं शिकवण्या घेतल्या होत्या.

आणि नणंदेच्या ऑफिसातल्या त्या बाई, ज्यांनी दहा कार्डं घेतली. त्यांना या आठवड्यात फोन करा, जमलं तर चहाला बोलवा. कार्डं कुणाकुणाला दिली ते विचारा. आतली जागा रिकामी होती, तिथे त्यांनी काय लिहिलं तेही विचारा, आणि आठवत असेल तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दहापैकी एखादं तरी त्यांनी कुणाला दिलंच नसेल, काय लिहावं सुचलं नाही म्हणून अजून ड्रॉवरमध्ये पडून असेल. ते कुणासाठी घेतलं होतं, एवढं मला कळवा. तुमचं पहिलं कार्ड त्या माणसाचं करू.